नृत्य शिकविणाऱ्या शिक्षकाच्या अंगी काय असावे

जालना जिल्ह्यातील खेड्यांत १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, २६ जानेवारी अथवा शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की मुख्याध्यापक एखाद्या शिक्षकास वा शिक्षिकेस ‘यंदा नाच तुम्ही बसवा’ असे सांगतात. ‘मला कोठे नाचता येते?’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. या उत्तरात विनय असतो, तसा एक गैरसमजही असतो. नाचणे आणि नाच शिकविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. ज्यास ठेका कळतो, ज्याची नजर बारीक आहे आणि ज्यास मुलांविषयी धीर आहे, त्यास दुसरे काम साधते.

पहिली गरज लयीची. कथक नृत्यात ‘पढंत’ म्हणून एक रीत आहे. नर्तक बोल आधी तोंडाने म्हणतो, हाताने ताल धरतो, आणि मग ते पायांतून काढतो. पुण्यात १९४७ साली ‘नृत्यभारती’ स्थापन करून रोहिणी भाटे यांनी ज्या विद्येच्या पिढ्या घडविल्या, ती हीच विद्या. भल्या घरच्या मुलींनी नाचावे की नाही, याविषयी समाजाचे मन साशंक असताना त्यांनी हे काम आरंभिले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्राथमिक शाळेस कथक नको. परंतु पढंतीची युक्ती मात्र जशीच्या तशी घ्यावी. आठ मात्रा मुलांनी मोठ्याने मोजाव्या, टाळ्यांनी वाजवाव्या, बसल्या जागी पायाने ठोकाव्या, आणि नंतरच उभे राहावे. ज्याचे तोंड चुकते त्याचे पाय चुकणारच; ती चूक बसलेल्या अवस्थेत दुरुस्त करणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट लहान वाटते, पण तिने अनेकांची फजिती केली आहे. शिक्षक वर्गाकडे तोंड करून उजवा हात उचलतो तेव्हा समोरचे मूल आरशात पाहिल्याप्रमाणे डावा उचलते. मग ‘अरे, उजवा!’ म्हणून ओरडा होतो आणि मूल गोंधळते. नवी हालचाल दाखविताना शिक्षकाने मुलांकडे पाठ करावी. समोर उभे राहावयाचे असल्यास स्वतः डावा हात उचलून तोंडाने ‘उजवा’ म्हणण्याचा सराव करावा. हा सराव घरी, एकट्याने, दोन-चार दिवस केला की अंगवळणी पडतो.

आरंभास लेझीम सर्वांत सोयीची. आखाड्यातून शाळेत आलेला हा खेळ व्यायामही आहे आणि नृत्यही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी देशी व्यायामास शिक्षणात मान मिळवून दिला. लेझमीचा गुण असा, की तिची साखळीच चूक सांगते. एकाचा आवाज मागे पडला तर कानास तत्काळ कळते. ‘चार आवाज’ पक्के झाल्यावाचून ‘पवित्रा’ घेण्याची घाई करू नये. हलगी वाजविणारा पालक गावात बहुधा असतोच. त्यास सन्मानाने बोलवावे. लेझीम थोड्याच असल्या तर उरलेल्यांनी काठ्यांवर हालचाल करावी व आळीपाळीने लेझीम हाती घ्यावी.

शरीराची काळजी हेही कौशल्यच होय. सिमेंटच्या फरशीवर वारंवार उड्या नकोत, मैदानातील खडे आधी वेचावेत, पोषण आहार होताच सराव ठेवू नये. हाताचे वळण चुकले तर मुलास, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलीस, धरून वळविण्याऐवजी आपल्या अंगावर दाखवावे.

आता खरी अडचण. बहुतेक ठिकाणी शिक्षक आठ-दहा चपळ, नीटनेटकी मुले निवडतो आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक होतो. निवडीत सर्वांआधी गळतात ती ऊसतोडीस जाणाऱ्या घरांतील मुले. ‘ती दिवाळीनंतर जाणारच’ हे कारण पुढे येते. कारण खरे असते, पण मूल वगळले जाते. येथे शिक्षकाची रचनाशक्ती पणास लागते. जोड्यांचा नाच बसविला तर एक मूल गेल्याने दोघांचा नाच मोडतो. फेर धरला तर एक गेले तरी वर्तुळ आवळून घेता येते. लंगडणाऱ्या मुलास फेराच्या मध्यभागी ताल धरावयास बसविले तर अवघा फेर त्याच्या ठेक्यावर चालतो.

फेर परका नाही. नागपंचमीस गावोगाव मुली फेर धरतात, फुगड्या घालतात. बंजारा तांड्यांवर तीजेच्या दिवसांत मुली गव्हाचे अंकुर वाढवितात आणि नाचतात. चित्रपटातील गाणे ध्वनिक्षेपकावर लावून त्याची नक्कल करविण्यापूर्वी शिक्षकाने हे पाहावे, मुलींना विचारावे आणि स्वतः शिकून घ्यावे. ज्या पालकास ‘नाच’ या शब्दाचा संकोच वाटतो, तो आपल्या आईचा फेर शाळेत पाहून सहसा हरकत घेत नाही. तरीही घेतली, तर घरी जाऊन बोलावे. मुलीस वर्गासमोर त्याविषयी विचारू नये.

ऊसतोडीहून मुले परततात तेव्हा परीक्षेचे दिवस असतात आणि नाचाचे नाव कोणी काढीत नाही. तरी एखाद्या शनिवारी सकाळी दहा मिनिटे फेर धरावा, परतलेल्या मुलास मध्ये घ्यावे आणि मात्रा त्यालाच मोजावयास सांगावे.