टायमिंग बेल्टचा ताण व कंपन : निदानाची शास्त्रीय पद्धती

प्रास्ताविक : मोटारीच्या चतुर्घाती इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण व्हावा लागतो. अनेक इंजिनांत हा मेळ दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट, राखतो. पट्टा सैल पडून दाता सुटल्यास झडपांची वेळ चुकते व काही इंजिनांत उघडी झडप पिस्टनवर आदळून वाकते. याउलट पट्टा प्रमाणाबाहेर ताणल्यास पुल्यांची बेअरिंगे अकाली झिजतात. म्हणून योग्य ताण ओळखणे अगत्याचे ठरते.

मोजमापाचे तत्त्व : पट्टा बोटांनी पिळून ताण अजमावण्याची पद्धत कारागिराच्या हातावर अवलंबून असते. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तारेचा स्वर चढतो. तारेच्या कंपनाचे नियम फ्रेंच विद्वान मेर्सेन यांनी १६३६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तेच येथे उपयोगी पडतात. इंजिन बंद व थंड असताना दोन पुल्यांमधील पट्टा बोटाने छेडून त्याची वारंवारता मायक्रोफोनने मोजतात. यावरून,

ताण = ४ × प्रतिमीटर वस्तुमान × (लांबी)² × (वारंवारता)²

उदाहरणार्थ, लांबी ०.२५ मीटर, प्रतिमीटर वस्तुमान ०.१ किलोग्रॅम व वारंवारता १०० हर्ट्झ असल्यास ताण २५० न्यूटन येतो. वारंवारता ९० हर्ट्झवर उतरल्यास तो २०२.५ न्यूटन होतो. म्हणजेच स्वरातील १० टक्के घट ही ताणातील १९ टक्के घट असते. आखूड भागात पट्ट्याच्या ताठरपणामुळे हे सूत्र ताण काहीसा जास्त दाखवते. त्यामुळे निर्मात्याने दिलेल्या वारंवारतेशीच तुलना करावी.

कंपनावरून निदान : चालू इंजिनातील प्रत्येक कंपनाचे कारण ताण हेच नसते. चार सिलिंडरांच्या इंजिनात कॅमशाफ्टवरील भार क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात मुख्यतः दोनदा चढउतार करतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीस ही वारंवारता १०० हर्ट्झ होते. पट्ट्याची स्वाभाविक वारंवारता तिच्या जवळ आल्यास अनुनाद घडून पट्टा फडफडतो. म्हणून कंपन ठराविक गतीपुरतेच जाणवत असल्यास प्रथम ताण तपासावा. ते सर्व गतींना पुलीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक जाणवत असल्यास वाकडी पुली अथवा झिजलेले टेन्शनरचे बेअरिंग यांचा शोध घ्यावा. गतीबरोबर चढणारा घरघराट अतिताणाची अथवा खराब बेअरिंगची शक्यता दर्शवितो. पट्ट्यावर तेल आढळल्यास गळणारे सील आधी बदलावे.

निष्कर्ष : इंजिन तापले की त्याचे धातूचे भाग प्रसरण पावतात व पट्ट्याचा ताण वाढतो. म्हणून मापन थंड इंजिनावरच करावे. नवा पट्टा बसविल्यावर क्रँकशाफ्ट हाताने नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून ताण पुन्हा मोजावा. कारागिराचा अनुभव मोलाचा आहेच. तथापि, त्यास मापनाची जोड मिळाल्यासच निदान विश्वसनीय ठरते. पदार्थविज्ञानाच्या वर्गातील तारेचा प्रयोग अशा रीतीने थेट कार्यशाळेत उपयोगी पडतो, हे विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातून सहज दाखविता येईल.