वास गेला म्हणजे बुरशी गेली का? : ओझोनचं यंत्र आणि घरातली ओल

(पूर्णा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आम्ही जन्मभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा आज आम्ही बुरशीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. आम्ही डॉक्टर नाही, रसायनाचे प्राध्यापक तर नाहीच. पण या विषयात आमच्या घरात एक चूक झाली आणि ती चूक तर्काची होती. म्हणून म्हटलं, ती आपल्याच लोकांपुढे मांडावी. आधी काय घडलं ते सांगतो, मग त्याची फोड करू.

2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात केवढा पाऊस झाला, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण मागच्या खोलीची भिंत ओल धरून बसली. आठ-दहा दिवसांत कपाटामागून कुबट वास यायला लागला. आमचा पुतण्या पुण्याला असतो. त्याने प्रेमाने हवा शुद्ध करायचं एक यंत्र पाठवलं. "काका, रात्रभर लावून ठेवा, ओझोनने बुरशी मरते," असं फोनवर सांगितलं. खोक्यावर लिहिलं होतं, ताशी 500 मिलिग्रॅम ओझोन.

दुसऱ्याच दिवशी वास गेला! आम्ही पुतण्याला फोन करून शाबासकी दिली. आमच्या सौभाग्यवतींना दम्याचा जुना त्रास आहे, आणि त्या त्याच खोलीत झोपतात. तिसऱ्या दिवशी त्यांना खोकला सुरू झाला. आम्ही काय म्हणालो असू? "ही ओलीचीच बाधा आहे, यंत्र दिवसाही लावू." म्हणजे ज्याने त्रास होत होता, त्याचीच मात्रा आम्ही वाढवली. पाचव्या रात्री त्या उठून बसल्या. छाती भरून आलेली, शब्द फुटेना. वाफारा दिला, पहाटे डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासता तपासता एकच प्रश्न विचारला, "घरात नवीन काय आणलंय?"

यंत्र बंद केलं, खिडक्या उघडल्या, औषध सुरू झालं. चार दिवसांत त्यांना बरं वाटलं. मग कपाट ओढून पाहिलं, तर भिंतीवर बुरशी जशीच्या तशी. उलट वीतभर वाढलेलीच.

आता कोणी म्हणेल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. बरोबर आहे. एका घरच्या अनुभवावरून नियम काढू नये, हे आम्हीच वर्गात सांगत आलो. म्हणून आमचं घर बाजूला ठेवू आणि मुळात ओझोन म्हणजे काय ते पाहू.

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू सैल असतो. जे समोर येईल त्याच्याशी तो भिडतो. म्हणूनच ओझोन जंतू मारतो. पाणी शुद्ध करायला त्याचा उपयोग शंभर वर्षांहून जास्त काळ चाललेला आहे, तो योग्यही आहे. पण समोर काय आलंय हे त्याला कळत नाही. बुरशी आली तर बुरशी, रबर आलं तर रबर, आणि माणसाची श्वासनलिका आली तर तीही. आतल्या नाजूक अस्तराला सूज येते, खोकला येतो, छाती आवळते, दमा उसळतो. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दमेकरी यांना त्रास लवकर होतो. 1840 च्या सुमारास शॉनबाइन नावाच्या प्राध्यापकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे या वायूला नाव दिलं. ते 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ओझोन हुंगल्यावर छातीला त्रास होतो, हे त्या काळातल्या संशोधकांनाही कळून चुकलं होतं.

थोडं गणित करू, अवघड नाही. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट. म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. यंत्र तासाला 500 मिलिग्रॅम ओझोन सोडतं. खोली बंद असेल तर तासाभरात एका घनमीटरला जवळजवळ 15 मिलिग्रॅम. भिंती, कपडे, पडदे यांवर बराचसा ओझोन खर्च होतो. समजा दहातला नऊ भाग खर्च झाला. तरी उरला जवळजवळ दीड मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 1500 मायक्रोग्रॅम. आपल्या देशाच्या 2009 च्या हवेच्या मानकांत ओझोनची आठ तासांची मर्यादा आहे 100 मायक्रोग्रॅम. ती मर्यादा बाहेरच्या हवेसाठी आहे, पण फुप्फुस घरातलं वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं नसतं. तेव्हा आम्ही आमच्या माणसाला मर्यादेच्या पंधरा पट हवेत झोपवत होतो.

"मग मात्रा कमी ठेवू," असं तुम्ही म्हणाल. इथेच खरी मेख आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या यंत्रांबद्दलचा अभ्यास एकत्र करून सांगितलं आहे, की माणसाला चालेल एवढ्या मात्रेत ओझोन घरातली हवा फारशी स्वच्छ करत नाही. हवेतले जंतू, बुरशी पुन्हा वाढणार नाहीत इतपत मारायचे, तर आरोग्याच्या मर्यादेच्या पाच ते दहा पट ओझोन लागेल. आणि तेवढा भरूनही, सच्छिद्र वस्तूच्या आत रुतलेल्या बुरशीवर कदाचित काहीच परिणाम होणार नाही. आपला गिलावा, गादी, लाकूड ही सगळी सच्छिद्रच.

म्हणजे बघा, कमी लावलं तर बुरशी मरत नाही, जास्त लावलं तर माणसाला बाधतं. इकडे आड तिकडे विहीर. अधलीमधली सुरक्षित आणि गुणकारी मात्रा या यंत्राला नाहीच. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल, तर हे न्या.

तरीही आम्ही फसलो कसे? वासामुळे. न्यायशास्त्रात धूर आणि अग्नीचं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर असतोच असं नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा आठवा. आत अग्नी आहे, धूर नाही. आम्ही हे किती वर्षं शिकवलं! आणि घरात काय केलं? कुबट वास आला म्हणजे बुरशी आहे, इथपर्यंत ठीक. वास गेला म्हणून बुरशी गेली, हे मात्र धूर दिसत नाही म्हणून तापलेल्या गोळ्यावर हात ठेवण्यासारखं झालं. ओझोन वासाच्या काही द्रव्यांशी संयोग पावतो, स्वतःच्या वासाने दुसरे वास झाकतो आणि आपलं नाकही बोथट करतो. ज्या खुणेवरून धोका ओळखायचा, तीच त्याने पुसली.

दुसरी फसगत शब्दाची. न्यायात तिला वाक्छल म्हणतात. संस्कृतात 'नव' म्हणजे नवीन आणि नऊसुद्धा. एकाने म्हणावं, याच्याकडे नवकंबल आहे, आणि दुसऱ्याने नऊ घोंगड्या मोजायला बसावं. ओझोनचं तसंच. "ओझोनचा थर पृथ्वीचं रक्षण करतो" हे शाळेत शिकलेलं असतं. पण तो थर जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर वर आणि त्याहूनही उंच असतो. तिथे तो सूर्याचे अपायकारक किरण अडवतो, आणि तिथे श्वास घ्यायला आपण नसतो. जाहिरातीत मग 'सक्रिय ऑक्सिजन', 'डोंगरातली ताजी हवा' असली नावं येतात. हेही जुनंच. एकोणिसाव्या शतकात युरोपात समुद्रकाठी 'ओझोनची हवा' खायला लोक जात. तिथला वास बराचसा समुद्री शेवाळाचा होता!

अजून एक गोष्ट आपल्या घरांशी फार जवळची आहे. आपण फरशी फिनाइलने किंवा लिंबाच्या वासाच्या द्रवाने पुसतो. पांढऱ्या फिनाइलमध्ये बऱ्याचदा पाइनचं तेल असतं. लिंबू-संत्र्याच्या आणि पाइनच्या तेलातली द्रव्यं ओझोनशी संयोग पावली, की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. सकाळी फिनाइलने पुसायचं आणि रात्री ओझोन सोडायचा, म्हणजे घरातच छोटा रासायनिक कारखाना काढण्यासारखं आहे.

आता बुरशीकडे वळू. ओझोन वाईट म्हणून बुरशी चांगली, असा अर्थ काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा जास्त आढळतो, हे त्यात स्पष्ट आहे. मात्र इतके बीजाणू चालतील आणि तितके चालणार नाहीत, असा आकडा त्यात दिलेला नाही. उपाय सांगितला तो ओल घालवण्याचा.

2021 नंतर भिंतीवर काळा डाग दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला, काहींनी जवळची माणसं गमावली. तो आजार म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना तो झाला. त्यातला काळेपणा मेलेल्या ऊतींचा होता, बुरशीचा रंग नव्हता. भिंतीवरच्या काळ्या डागाच्या बुरशा सहसा वेगळ्या असतात. तेव्हा घाबरून यंत्र आणू नका, आणि डाग तसाच ठेवूही नका.

भिंत ओली का होते ते आधी शोधायचं. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी पायातली ओल भिंतीत वर चढते. जुन्या चुन्याच्या भिंतीतून ती बाहेर निघून जायची. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढवला की आत कोंडते, मग पोपडे निघतात. याशिवाय गळकं छत, भिंतीतला फुटका नळ, बिनखिडकीची न्हाणी, पावसाळ्यात खोलीत वाळत घातलेले कपडे, भिंतीला चिकटवलेलं कपाट. आणि आपला कूलर! उन्हाळा संपला की ओल्या गवतासकट तो कोपऱ्यात जातो. बुरशीला आणखी काय हवं?

साफ कसं करायचं? तीन फूट बाय तीन फूट एवढा डाग असेल तर घरी करता येतं. दमेकरी, गरोदर बाई, लहान मुलं यांना त्या खोलीपासून दूर ठेवा. एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा घाला. खिडकी उघडा. डाग कोरडा खरवडू नका, बीजाणू उडतात. आधी ओला करा, मग साबणाच्या पाण्याने घासा, पुसा आणि पूर्ण वाळवा. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, म्हणून नुसती मारून भागत नाही, ती काढावीच लागते. बुरशी धरलेली कापसाची गादी टाकून द्यावी. ब्लीचिंग वापरलंच तर त्यात संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. डाग मोठा असेल, छत गळत असेल, तर आधी गवंड्याला बोलवा. नुसता रंग मारलात तर डाग झाकला जाईल एवढंच.

आपल्याकडे नवरात्राच्या आधी 'दसरा काढायची' रीत आहे. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, उन्हात टाकायचं, भांडीकुंडी बाहेर काढायची, भिंती पुसायच्या. आमच्या आईच्या वेळी बायका वाकळा घेऊन नदीवर जायच्या. आम्हाला ती नुसती रूढी वाटायची. पण वेळ बघा. पावसाळा सरत आलेला, ऊन पडायला लागलेलं, घरात चार महिन्यांची ओल. कपाट भिंतीपासून हलतं ते वर्षातून त्याच एका दिवशी! पुढे दिवाळीला चुना दिला जायचा, आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. आम्ही त्या वर्षी दसरा लवकर काढला असता, तर ती रात्र आली नसती असं वाटत राहतं.

सौभाग्यवती आता बऱ्या आहेत. यंत्र आम्ही पुतण्याला परत पाठवलं नाही, दुसऱ्या कोणाच्या घरी जायला नको म्हणून. वायर कापून माळ्यावर ठेवलं आहे.

काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : घरात कोणी नसताना यंत्र लावून, नंतर खिडक्या उघडल्या तर?

उत्तर : माणूस थेट वाचेल, कारण काही तासांत ओझोनचा ऑक्सिजन होतो. पण तयार झालेली बाकीची द्रव्यं मागे राहतात, झाडं आणि रबराच्या वस्तू खराब होतात, आणि गिलाव्यातली बुरशी व ओल तशीच राहते. मग लावायचं कशासाठी?

प्रश्न : हवा शुद्ध करणारी सगळीच यंत्रं वाईट का?

उत्तर : नाही. हेपा गाळणीची यंत्रं पंख्याने हवा ओढून बीजाणू आणि धूळ अडकवतात. दमेकऱ्याला त्यांचा उपयोग होऊ शकतो, भिंत मात्र ती कोरडी करत नाहीत. खोक्यावर ओझोन, आयन, प्लाझ्मा, सक्रिय ऑक्सिजन असे शब्द दिसले तर ओझोन निघतो का, किती निघतो, हे विचारून घ्या. आणि यंत्र लावल्यावर झेरॉक्सच्या दुकानासारखा किंवा वीज चमकून गेल्यावर येतो तसा तीव्र वास आला, तर ते बंद करा, खिडकी उघडा. त्या वेळी मात्र नाकावर विश्वास ठेवा.