मुलाचा नंबर ऑपरेशनने थांबतो का?

‘डॉक्टर, पोराचा नंबर दरवर्षी वाढतोय. ऑपरेशन करून थांबवता येईल का?’ जळगाव-धुळ्याकडच्या पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. मुलगी असेल तर लग्नाची काळजीही त्यात मिसळलेली असते.

मायनस नंबर म्हणजे काय, हे आधी पाहू. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. ती १ मिलिमीटरने वाढली, तर नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. उणे ६ च्या पुढचा नंबर तीव्र मानतात. डोळा ताणला जातो तसे आतले दृष्टिपटल पातळ होते. ते फाटून सुटले तर नजर जाऊ शकते. खरा धोका हा आहे. चष्म्याची जाड काच नव्हे.

लेसर ऑपरेशन १८ वर्षांनंतर, नंबर स्थिर झाल्यावर करतात. त्याने चष्मा सुटतो, पण डोळ्याची लांबी तेवढीच राहते.

लांबी रोखण्याचे ऑपरेशन वेगळे. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला मागून पट्टीचा आधार द्यावा, ही कल्पना १९३० साली सोव्हिएत डॉक्टर शेवेलेव्ह यांनी मांडली. १९७२ मध्ये स्नायडर व थॉम्पसन यांनी ती पद्धत सोपी केली. रशिया व चीनमध्ये ती वापरली गेली. मात्र वाढलेला नंबर त्याने उतरेलच असे नाही. शिवाय रक्तस्राव, एकाचे दोन दिसणे, नेत्रनाडीवर दाब असे धोके आहेत. आपल्याकडे मुलांसाठी हा नेहमीचा उपचार नाही. त्यासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे मत अवश्य घ्या.

मग करावे काय?

पूर्ण नंबरचा चष्मा नियमित वापरू द्या. चष्म्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. पुस्तक व मोबाइल डोळ्याला चिकटवू देऊ नका. रोज दोन तास मोकळ्यावर खेळू द्या. आपल्या उन्हाळ्यात सकाळी-संध्याकाळी. असे खेळणाऱ्या मुलांना नंबर लागण्याचे प्रमाण कमी आढळते, म्हणून धाकट्या भावंडांनाही पाठवा. ॲट्रोपीनचे ०.०१ टक्क्याचे थेंब काही मुलांत वाढ मंद करतात. पण परस्पर आणू नका, दुकानात १ टक्क्याचेही मिळतात.

नंबर तीव्र असेल तर बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा हवीच. डोळ्यापुढे वीज चमकली, अचानक काळे ठिपके आले किंवा पडदा पडल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. तेथे उद्या जाऊ म्हणून थांबू नका.