निविदा उघडल्यानंतरची खरेदी

पुणे–सातारा महामार्गावर, नीरा नदीच्या उत्तर तीरावर भोर तालुक्यातील सारोळे वसले आहे आणि पूल ओलांडताच सातारा जिल्हा व शिरवळचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. त्यामुळे खरेदीची दोन्ही रूपे येथे शेजारी-शेजारी नांदतात: नदीच्या अलीकडे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महामार्ग प्राधिकरण सार्वजनिक पैशातून रस्ते, पथदिवे, नळयोजना घेतात, तर पलीकडे शीतकपाटांपासून सूतगिरणीच्या यंत्रांपर्यंत माल बनवणारे कारखाने लहान पुरवठादारांकडून सुटे भाग घेतात. एक खरेदी नियमांनी बांधलेली आणि दुसरी नफ्याने, तरी दोहोंत झालेली सुधारणा आणि दोहोंत उरलेले दुखणे बरेचसे सारखे आहे. दर मागवण्याची व उघडण्याची पायरी संगणकावर आली आणि पुष्कळ स्वच्छ झाली. परंतु नेमके काय घ्यायचे हे ठरवणारी आधीची पायरी आणि मोजमाप करून पैसे चुकते करणारी नंतरची पायरी अजून बव्हंशी खरेदीदाराच्या मर्जीवर आहे.

सार्वजनिक खरेदीसाठी देशात केंद्रीय कायदा नाही. त्यासाठी 2012 मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक 2014 मध्ये सभागृहाची मुदत संपताच व्यपगत झाले. तमिळनाडूने 1998 मध्ये आणि कर्नाटकाने 1999 मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्राने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी 2023 मध्ये प्राधिकरणाचा कायदा केला, पण शासकीय कार्यालयांची इतर वस्तुखरेदी मुख्यतः उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या नियमपुस्तिकेवर आणि वेळोवेळीच्या शासन निर्णयांवर चालते. शासन निर्णय विधिमंडळात न जाता बदलता येतो, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा दोष.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर अलीकडचा सर्वांत मोठा बदल म्हणजे केंद्र सरकारचे ‘जेम’ हे संकेतस्थळ. सरकारी कार्यालयांसाठीची ही ऑनलाइन बाजारपेठ ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाली, 2024-25 या वर्षात तिच्यावरील उलाढाल 5 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली आणि 24 एप्रिल 2023 रोजी ती ग्रामपंचायतींच्या ‘ई-ग्रामस्वराज’ या हिशेबप्रणालीशी जोडली गेली. पथदिवे किंवा संगणक घेताना गावाला आता तालुक्याच्या दोन-तीन दुकानांची कोटेशने गोळा करून भागवण्याचे कारण उरत नाही, आणि ती तीनही कोटेशने एकाच टेबलावर तयार होण्याची जुनी रीतही त्यामुळे अवघड झाली आहे. तरीही दिवा किती वॅटचा, आवरण कोणत्या धातूचे, हमी किती वर्षांची, पुरवठादाराची आधीची उलाढाल किती, या अटी कोणीतरी लिहितोच; त्या एकाच उत्पादकाच्या मालाला बसतील अशा बेताने लिहिल्या, तर पुढची सारी ऑनलाइन स्पर्धा नियमानुसार होऊनही निकाल आधीच ठरलेला असतो.

बांधकामात प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. कामाचे अंदाजपत्रक शासनाच्या दरसूचीवरून तयार होते, त्याला प्रशासकीय व तांत्रिक मान्यता मिळते, निविदा दोन लिफाफ्यांत मागवल्या जातात, पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे आणि दुसऱ्यात दर, आणि सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला कार्यारंभ आदेश दिला जातो. स्पर्धा तीव्र असली की अंदाजपत्रकापेक्षा वीस-वीस, पंचवीस टक्के ‘बिलो’ दर भरले जातात, म्हणून ठरावीक मर्यादेखाली गेलेल्या ठेकेदाराकडून जादा अनामत घेण्याची तरतूद आहे. पण खडी, सिमेंट आणि डांबर सर्वांना जवळपास त्याच भावाने मिळते. तेव्हा दरातली एवढी तूट कोठून भरून निघणार, याचे उत्तर निविदेत सापडत नाही. ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची लांबी, रुंदी व जाडी नोंदवणाऱ्या ‘एमबी’त शोधावे लागते. रस्त्याची लांबी कोणालाही मोजता येते, थराची जाडी मात्र खोदल्याशिवाय कळत नाही.

एकाच आकड्यावर निवड करण्याचा धोका सारोळ्यावरून जाणाऱ्या महामार्गाने मोठ्या प्रमाणावर दाखवला. देहूरोड ते सातारा हा सुमारे 140 किलोमीटरचा चौपदरी रस्ता सहापदरी करण्याचे काम 2010 मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी विकसकाला देण्यात आले. टोलवसुली त्याच वर्षी सुरू झाली, काम 2013 मध्ये पूर्ण व्हायचे होते आणि प्रत्यक्षात ते त्यानंतर कित्येक वर्षे रेंगाळत राहिले. येथे बोली सर्वांत कमी खर्चाची नव्हती, उलट प्राधिकरणाला दरसाल रक्कम देऊ करण्याची होती; पण मागणी आकड्याचीच होती आणि काम वेळेत उरकण्याची क्षमता त्या आकड्यात तोलली जात नव्हती. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये विशिष्ट बांधकामांसाठी गुणवत्तेला कमाल 30 टक्के भार देण्याची मुभा दिली, ती याच अनुभवातून आलेली सुधारणा होय. त्याच सूचनांत चालू देयकाची किमान 75 टक्के रक्कम 10 कार्यालयीन दिवसांत द्यावी असेही म्हटले आहे, आणि खरे पाहता हे कलम पहिल्यापेक्षा मोलाचे आहे. महाराष्ट्रात ठेकेदारांच्या संघटनांनी 2025 मध्ये राज्याकडे सुमारे 89 हजार कोटी रुपये थकल्याचा दावा केला. आकडा वादाचा असू शकतो. परंतु पैसे कधी मिळतील हे ठाऊक नसलेला ठेकेदार एकतर व्याजाचा बोजा दरात धरतो किंवा कामात कसर काढतो.

नीरेपलीकडे शिरवळला गोदरेजची शीतकपाटे आणि जवळच्या विंग येथे रीटरची सूतगिरणी यंत्रे तयार होतात. आजच्या मोठ्या उद्योगाची खरेदी किमतीपुरती उरलेली नाही. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, आणि युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियमसारख्या मालाच्या आयातीवर कार्बनशुल्काची व्यवस्था ऑक्टोबर 2023 पासून टप्प्याटप्प्याने आणली आहे. त्यामुळे चार लेथ यंत्रांवर जॉबवर्क करणाऱ्या व्हेंडरकडेही विजेचा वापर, टाकाऊ मालाची विल्हेवाट, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी यांची माहिती मागितली जाऊ लागली आहे, आणि हे कागद भरण्यासाठी माणूस ठेवणे त्याला परवडत नाही.

पैशाचे दुखणे येथेही आहेच. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगाचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असे कायदा मानतो. एवढे असूनही दावा क्वचितच लावला जातो, कारण पुढची पर्चेस ऑर्डर त्याच कंपनीकडून यायची असते. म्हणून सरकारने प्राप्तिकराचा मार्ग धरला: आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झालेल्या 43 ब (एच) या कलमानुसार कायद्याच्या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. काही पुरवठादारांनी उलटीच भीती व्यक्त केली, की कंपन्या आता मध्यम उद्योगांकडे किंवा व्यापाऱ्यांकडे वळतील, कारण त्यांना हे संरक्षण नाही. बिल बँकांपुढे लिलावात मांडून पैसे लवकर उभे करण्याची ‘ट्रेड्स’ ही ऑनलाइन सोयही आहे, आणि 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाली आहे. फक्त लिलावाआधी बिलावर खरेदीदार कंपनीची मंजुरी लागते, आणि ती किती दिवसांत द्यायची हे तीच ठरवते.