पंगत, पाणवठा आणि शेत : मराठवाड्यातील ख्रिस्ती जीवन व शास्त्रवचनाचे आचरण

शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करावे, ही आज्ञा ख्रिस्ती नीतीचा गाभा म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु ती मूळ शास्त्रात कोठे व कोणत्या वचनांच्या सोबतीने आली आहे, ह्याकडे सहसा लक्ष जात नाही. येशूने ती जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून घेतली. त्या अध्यायात तिच्या आगेमागे जी वचने येतात, ती कापणीसंबंधी, मजुरीसंबंधी, न्यायनिवाड्यासंबंधी, परक्या माणसासंबंधी आणि वजनमापांसंबंधी आहेत. शेजारप्रेम ही केवळ अंतःकरणातील एक कोमल भावना नसून ते शेतात, खळ्यावर आणि बाजारात दिसावयाचे आचरण आहे, असाच ह्या मांडणीचा अर्थ होतो. बायबलची शिकवण नित्याच्या जीवनात कशी उतरवावी, हा प्रश्न नांदेड व लातूर ह्या शेतीप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात तपासू लागले म्हणजे ह्या अर्थाची प्रचीती विशेषत्वाने येते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण एक टक्क्याहून किंचित कमी होते; नांदेड व लातूर जिल्ह्यांत ते त्याहूनही पुष्कळच कमी आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि येथील ख्रिस्ती परंपराही त्या राज्याच्या भूगोलाप्रमाणेच घडली. पश्चिमेकडे जालना हे स्कॉटिश मिशनचे केंद्र होते. दक्षिणेकडे बीदर येथे मेथडिस्ट मिशनचे कार्य चाले. आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. कॅथलिक पंथीयांसाठी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला व हे दोन्ही जिल्हे त्यात समाविष्ट झाले. पंथ भिन्न असले तरी खेड्यातील ख्रिस्ती माणसापुढील प्रश्न बहुतांशी एकच राहिले आहेत : रविवारी ऐकलेले वचन सोमवारी कोठे आचरावयाचे?

समजलेले वचनच आचरता येते

आचरणाच्या आधी आकलन यावे लागते. विल्यम केरी व त्यांचे सहकारी ह्यांनी सेरामपूर येथून १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. पुढे भाषांतराच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. तथापि त्यांची भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना अवघड जाते, असे पंडिता रमाबाईंना केडगावच्या मुक्तिसदनात आढळून आले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या ह्या विदुषीने तेव्हा पांडित्याचा मार्ग सोडून साध्या मराठीचा मार्ग स्वीकारला. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा शिकल्या, आणि संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांनी एकटीच्या बळावर सिद्ध केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले व १९२४ मध्ये हे भाषांतर मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. जुळणी व छपाईची कामे तेथील स्त्रियाच करीत. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींनी ज्या ग्रंथाची पाने जुळवावी, तो ग्रंथ त्यांना वाचता व समजताही यावा, हा रमाबाईंचा आग्रह होता. आणि तोच त्यांच्या शेजारधर्माचा एक भाग होता असे म्हणावयास हरकत नाही.

पंगत

ख्रिस्ती उपासनेतील एक मध्यवर्ती विधी जेवणाचा आहे. प्रभुभोजनात सर्वांनी एकाच भाकरीचा अंश घ्यावयाचा व एकाच प्याल्यात सहभागी व्हावयाचे असते. ज्या समाजात रोटीव्यवहार हाच जातीचा कस होता, त्या समाजात ह्या विधीचा अर्थ किती दूरवर पोहोचत असेल, हे सहज लक्षात येईल.

नव्या करारात पंक्तिव्यवहाराचा प्रश्न प्रत्यक्ष आलेला आहे. अंत्युखिया नगरात पेत्र हा परजातीयांच्या पंक्तीस जेवत असे. परंतु यरुशलेमेहून काही यहुदी मंडळी येताच लोकापवादाच्या भयाने तो त्या पंक्तीतून दूर झाला. प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. सर्वांचा देव एकच असे तोंडाने मानावयाचे आणि पंगत मात्र निराळी मांडावयाची, ही विसंगती पौलाला सुवार्तेचाच भंग वाटली. करिंथ येथील मंडळीत निराळाच दोष शिरला होता. सुस्थितीतील लोक आधी येऊन आपले अन्न संपवीत, आणि मागाहून येणारे गरीब उपाशी राहत. मागाहून येणारे हे बहुधा दिवसभर राबणारे दास व मजूर असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पौलाने दिलेला उपाय अगदी साधा आहे : एकमेकांसाठी थांबावे. ज्या गावी मजूर दिवस मावळल्यावर शेतावरून परततात, तेथे उपासनेची व सहभोजनाची वेळ कोणाच्या सोयीने ठरवावी, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या एका सूचनेत मिळते.

महाराष्ट्रात हा संघर्ष किती खोल होता, हे १८४३ च्या एका प्रकरणावरून दिसते. त्या वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. परंतु तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला असल्यामुळे त्याला जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीकरणाचा पक्ष घेतला व त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. मुलाच्या मनात काय होते ह्यापेक्षा त्याने कोणाच्या घरी अन्न घेतले, हाच वादाचा मुख्य मुद्दा होऊन बसला होता.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात ह्याच प्रश्नाची अंतर्बाजू दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या. पण सोवळे त्यांनी सोडले नाही, स्वयंपाकही निराळा ठेवला. पुढे जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हा विचार त्यांच्या मनात दृढ होत गेला, आणि तो आधी त्यांच्या खाण्यापिण्यात उतरला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतला. आचरण आधी आणि विधी मागाहून, हा क्रम मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे.

शेत, खळे व बाजार

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितले आहे की त्याने शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये व मागे पडलेली कणसे गोळा करू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ह्या वचनावर भाष्य नको. ‘सरवा’ हा एक शब्द पुरे आहे. मवाब देशाची विधवा रूथ बवाजाच्या शेतात गेली, ती सरवा वेचण्यासाठीच. मात्र येथील गावगाड्यात महार, मांग आदींना खळ्यावर मिळणारे बलुते आणि शास्त्रातील सरवा ह्यांत एक मूलभूत भेद आहे. बलुते जन्मजात कामाशी व जातीच्या पायरीशी जखडलेले होते. सरव्याचा हक्क मात्र जन्मावर अवलंबून नव्हता. गरज हाच त्याचा आधार होता, आणि परदेशी रूथलाही तो होता. धान्य देणे हे दोन्हीकडे सारखे असले, तरी घेणाऱ्याला खाली बसवून देणे आणि त्याचा हक्क मानून देणे ह्यांत अंतर आहे.

ह्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये असे बजावले आहे. अनुवाद ह्या पुस्तकात सूर्य मावळण्यापूर्वी ती द्यावी असे म्हटले आहे, आणि कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे आक्रोश करते, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि स्त्रीच्या श्रमाचा हिशेब तिच्या हाती क्वचितच पडतो. वर्षाच्या करारावर राबणाऱ्या सालगड्याचीही स्थिती उचलीमुळे पुष्कळदा बांधलेलीच राहते. ख्रिस्ती माणूस येथे कधी मजूर असतो, कधी शेतमालक, कधी मुकादमही असतो. तो मजूर असेल तर हे वचन त्याच्या बाजूने बोलते. मालक वा मुकादम असेल तर ते त्याला उद्देशून बोलते. दोन्ही प्रसंगी वचन तेच राहते, आणि म्हणूनच त्याचे पालन कठीण होते.

अध्यायाच्या शेवटी खऱ्या तराजूची व खऱ्या वजनांची आज्ञा आहे. डाळी व सोयाबीन ह्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरच्या बाजारपेठेत शेतकऱ्याचा वर्षाचा घाम काट्यावर चढतो. अडत, हमाली, तोलाई आणि ओलाव्यासाठी होणारी कपात ह्यांच्या हिशेबातला खरेपणा हाही शास्त्रदृष्ट्या उपासनेहून निराळा विषय नाही.

वेगळे गाव की तेच गाव?

वचनाच्या आचरणासाठी परिस्थितीच नवी निर्माण करावी, असा एक प्रयत्न मराठवाड्यात झाला. वर उल्लेखिलेले नारायण शेषाद्री पुढे जालना येथे कार्य करू लागले. निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. याकोबाने दगड उशाला घेऊन जेथे रात्र काढली व जेथे त्याला देवाचे दर्शन झाले, त्या स्थळाचे हे नाव असून त्याचा अर्थ देवाचे घर असा आहे. तेथे मुख्यतः मांग व महार समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना घरे, शाळा, शेती व कारागिरीची साधने लाभली. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला स्वतःचे गाव मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अशा वसाहतीत शेजारीही आपल्याच धर्माचा असतो, ही तिची मर्यादा होय. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही स्थान ठेवले. त्यामागे ही मर्यादा ओलांडण्याचीच दृष्टी होती.

नांदेड-लातूरकडील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे मात्र वेगळ्या गावात न राहता त्याच गावात राहिली आहेत. त्यांपैकी पुष्कळांची अवस्था दुहेरी अडचणीची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती मात्र त्या कक्षेबाहेर राहिले. गाव ज्याची जात विसरत नाही, त्याला कायद्याचे ते संरक्षण लाभत नाही. अशा माणसाला मंडळीत तरी आपण समान आहोत असा अनुभव यावयास हवा. श्रीमंताला पुढचे आसन व गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या सभेचा याकोबाने निषेध केला आहे. विवाह जुळविताना जुनी जात विचारली जाते, तेथे तो निषेध आजही लागू पडतो.

पाणवठा

योहानाच्या शुभवर्तमानात येशू दुपारच्या वेळी विहिरीपाशी बसून एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. म्हणून तिलाच प्रथम आश्चर्य वाटते. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे ह्या प्रसंगाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. येशू येथे दाता म्हणून नव्हे, तर याचक म्हणून आरंभ करतो. दुसऱ्याच्या हातचे पाणी मागणे म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचे मानणे होय.

ह्या भागात पाण्याचा प्रश्न केवळ स्पृश्यास्पृश्यतेचा राहिलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तत्पूर्वी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने हजारो माणसांचे बळी घेतले, आणि ढिगाऱ्याखालून माणसे काढताना कोणी कोणाची जात वा धर्म विचारला नाही. येशूच्या प्रसिद्ध दाखल्यातील शोमरोन्यानेही रस्त्यात जखमी होऊन पडलेल्याची जात विचारली नव्हती. संकटाच्या त्या काही दिवसांत जे सहज घडते, ते वर्षाचे उरलेले दिवस टिकविणे हेच आचरणाचे खरे काम आहे.

टंचाईच्या उन्हाळ्यात ज्या मंडळीच्या आवारात विंधनविहिरीला पाणी आहे, तिने फाटक कोणासाठी उघडे ठेवावे. सहभोजन मजूर परतेपर्यंत थांबवावे की नाही. कोयत्यावरच्या बाईची मजुरी तिच्या हाती पडावी की नाही. हे प्रश्न शास्त्राबाहेरचे नव्हेत. लेवीयाच्या त्या जुन्या अध्यायात शेजारप्रेमाच्या आज्ञेभोवती अशाच प्रश्नांची मांडणी आहे. तेव्हा मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला बायबलची शिकवण आपल्या जीवनाशी जोडण्यासाठी दूरच्या उदाहरणांची गरज नाही. त्याचे शेत, त्याची पंगत व त्याचा पाणवठा ही त्या वचनाची मूळचीच स्थळे आहेत.