मरीआईचा गाडा आणि विहिरीचे पाणी

गेल्या आषाढातली गोष्ट. येलदरीला आमच्या नात्यातल्या एका सुनेच्या दीड वर्षाच्या लेकराला रात्रीतून जुलाब-उलट्या सुरू झाल्या. घरात बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, वंदना रोज होते. तरी पहाटे एका वयस्कर बाईने हळूच सुचवले, "आखाड चालू हाय. एक नारळ मरीआईला देऊन या. कुणाला सांगायचं कशाला?"

सुनेने लेकराला आधी दवाखान्यात नेले, हे बरे झाले. पण माझ्या मनातून तो नारळ जाईना. वाडवडिलांनी नदीत सोडलेली ही देवी अजून उंबऱ्यापाशी का येते? म्हणून बंधू-भगिनींसमोर तिची कुळकथा मांडावीशी वाटली.

मरीआईचे ठाणे बहुधा गावाच्या शिवेवर, लिंबाखाली. शेंदूर फासलेला दगड, एवढेच तिचे रूप. 'मरी' म्हणजे साथ, त्यातही पटकी. आमच्याकडे पटकीला वाखा म्हणत. देवीचा पोतराज म्हणजे वाढवलेले केस, कमरेला चिंध्यांचा घेर, पायांत घुंगरू, आणि स्वतःच्याच अंगावर ओढलेला कोरडा. पोतराज बहुतेक मातंग समाजातले आणि देवीची सेवा-राखण पुष्कळ गावांत महारवाड्याकडे.

दक्षिणेत मारीअम्मा नावाची अशीच देवी आहे. तिच्याविषयी एक कथा सांगतात. एका अस्पृश्य तरुणाने जात लपवून ब्राह्मण मुलीशी लग्न केले. जात उघडी पडल्यावर तिने आग लावून देह जाळला व ती देवी झाली. नवरा रेड्याच्या जन्माला आला, म्हणून देवीपुढे रेडा कापायचा. कथेचे पाठ अनेक आहेत, पण रोख एकच. देवीच्या कोपाचे मूळ अस्पृश्याच्या अपराधात आहे! आणि मेलेले जनावर ओढून न्यायचे काम तरी कोणाकडे होते? आपल्याच पूर्वजांकडे.

माझ्या आजीला आम्ही मोठी माय म्हणत असू. ती निजामाच्या राज्यातली आठवण सांगायची. साथ आली की गाव वर्गणी काढी. लाकडाचा लहानसा गाडा करून त्यात देवी बसवीत. हिरवे लुगडे, चोळी, बांगड्या, लिंबू, नैवेद्य ठेवीत, आणि वाजतगाजत तो गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन सोडीत. ते गाव घाबरून रातोरात गाडा पुढे ढकली. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी ही चाल होती. आपले मरण शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचे, त्याला गाव राखणे म्हणत.

मोठी मायचा थोरला भाऊ असाच गाडा ओढायला गेला. मागे वळून बघायचे नाही, असे बजावलेले होते. त्याने बघितलेही नाही. चौथ्या दिवशी तो वाख्यानेच गेला. 'देवी त्याच्या मागे आली' असे गाव म्हणाले. मोठी माय मात्र म्हातारपणी म्हणायची, "देवी न्हवती रं मागं. वाटंत डबक्याचं पाणी पेला व्हता त्यो. हिरीवर कोण येऊ देत व्हतं?"

शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने रोगाचे मूळ नेमके सांगितले होते. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले, की पटकी दूषित पाण्यातून पसरते. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचे जंतू रोग्यांमध्ये आणि तळ्याच्या पाण्यातही शोधून काढले. म्हणजे ज्या विहिरीला शिवायची आम्हाला मनाई, त्याच पाण्यातल्या रोगाची देवी मात्र आमच्या गळ्यात! २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती माणुसकीच्या हक्कासाठी. त्या ओंजळीत मोठी मायच्या भावाच्या जिवाचाही प्रश्न होता, असे मला वाटते.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर गावोगाव लोकांनी देव टोपल्यांत भरून नदीला दिले. आमच्या घरचे देव पूर्णेत गेले. त्याच पूर्णेवर येलदरीचे धरण झाले, १९६८ साली ते पूर्ण झाले, आणि आज त्याचे पाणी परभणीपर्यंत पिण्यासाठी जाते. ते गाळून, औषध टाकून आले तर जीवन. फुटक्या नळातून गटार मिसळून आले तर पुन्हा मरी.

दुसरी एक 'देवी' आठवा. त्या रोगाचे नावच देवी होते. अंगावर फोड उठले की 'बाई आल्या' म्हणायचे. सरकारने लस टोचली, रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस अशा पाट्या भिंतींवर रंगवल्या. १९७५ नंतर भारतात या रोगाची लागण उरली नाही आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचे जाहीर केले. ती देवी नवसाने गेली नाही, सुईने गेली. तरी २०२० साली देशात काही ठिकाणी कोरोनाचीही देवी मांडली गेलीच! भीती मोठी झाली की माणूस दगड शोधतो. म्हणून त्या वयस्कर बाईला मी हसणार नाही. तिने साथीत माणसे जाताना पाहिली आहेत.

पण भगिनींनो, नारळाआधी करायचे ते एवढेच. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. थोडे थोडे पाजत राहा, अंगावरचे दूध तोडू नका, आणि लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक दवाखाना गाठा.

आमच्या सुनेचे लेकरू तिसऱ्या दिवशी अंगणात खेळू लागले. नारळ मात्र घरात आणून ठेवलेला होताच. त्याची चटणी झाली, आणि ज्या बाईने तो सुचवला होता, तिनेच ती पाट्यावर वाटली.