पिवळा दिवा आणि लाल चिखल

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री साडेदहाला फोन आला, म्हैस अडली आहे. मी गुरांची डॉक्टर, चिपळूण तालुक्यात प्रॅक्टिस करते, त्यामुळे असे फोन रात्रीच येतात आणि बहुतेकदा पावसातच येतात. वाडीपर्यंत डांबर आहे, पुढे तीनशे मीटर पाणंद. जाताना उतार होता, गाडी घरंगळत पोचली. रेडकू उलटं होतं, दीड तास झटापट झाली, पण दोघंही वाचली. परत निघाले तेव्हा तोच उतार चढ झाला होता. लाल माती भिजून लोण्यासारखी झालेली, आणि माझी छोटी हॅचबॅक मधेच बसली.

मी रेस देत होते, पण इंजिन ऐकेना. पाय पार खाली गेला तरी आवाज चढत नव्हता, नुसती घरघर होऊन दम कोंडल्यासारखं गप्प व्हायचं. समोर घसरणाऱ्या गाडीचं एक पिवळं चित्र लुकलुकत होतं. मला वाटलं, क्लच गेला. म्हशीच्या मालकांचा मुलगा वडाप चालवतो. तो बॅटरी घेऊन मागून आला, खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, क्लचला काय नाय झालेलं. गाडीच तुम्हाला रेस देऊ देत नाय. ते बटन दाबून धरा."

उजव्या गुडघ्याजवळ ते बटन होतं. चार वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. तीन-चार सेकंद दाबून धरल्यावर 'ऑफ' असा दिवा लागला. चाकांखाली झावळ्या आल्या, मागे चार माणसं उभी राहिली, मी दुसरा गिअर टाकला. चाकं गरगर फिरली आणि गाडी वर निघाली. चिखल कुणाच्या अंगावर गेला ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली.

सुरक्षेसाठी बसवलेलं यंत्र मलाच कसं अडवत होतं, हे कळायला घरी येऊन गाडीचं पुस्तक उघडावं लागलं. विकत घेतल्यापासून ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं.

या यंत्रणेला ईएससी म्हणतात, काही कंपन्या ईएसपी म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलं हे ती बघते, आणि गाडी खरोखर किती वळते आहे हेही बघते. सेकंदाला सुमारे २५ वेळा हा ताळा चालतो. दोन्ही जुळत नसतील तर ती एकाच चाकाला ब्रेक लावते. आमच्याकडे खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. डावं वल्हं पाण्यात घट्ट धरलं की होडी डावीकडे वळते. उजव्या वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जायला लागली, तर यंत्रणा पुढचं डावं चाक धरते आणि नाक सावरून घेते. पुढची चाकंच घसरून गाडी सरळ जायला लागली, तर मागचं आतलं चाक धरते. माणसाला चार पायांनी चार ब्रेक दाबता आले असते तरी इतक्या लवकर जमलं नसतं.

तिच्याबरोबर ट्रॅक्शन कंट्रोल येतो. ओढणारं चाक जागीच फिरायला लागलं की तो त्या चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर कमी करतो. ओल्या डांबरावर हे शहाणपणाचं आहे. चिखलात मात्र चाक थोडं फिरावंच लागतं: खाचांत भरलेली माती फेकायची, वरचा थर खरवडायचा, खालचं घट्ट गाठायचं. यंत्राला रस्ता दिसत नाही, फक्त फिरणारं चाक कळतं. माझ्या पायाखालून जोर निघून गेला तो यामुळे.

गंमत म्हणजे ईएससीची कल्पनाही एका रुतलेल्या गाडीत जन्मली. मर्सिडीजचे अभियंते फ्रँक वेर्नर-मोन १९८९ मध्ये स्वीडनमध्ये चाचणी घेत असताना बर्फावरून घसरून खड्ड्यात गेले आणि ओढून काढणाऱ्या गाडीची वाट बघताना त्यांना हे सुचलं, असं सांगतात. बॉशबरोबर काम होऊन १९९५ मध्ये ते मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलं. छोट्या गाड्यांपर्यंत पोचायला मात्र फजिती व्हावी लागली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने नवी ए-क्लास 'मूस टेस्ट'ला उतरवली. मूस म्हणजे तिकडचं प्रचंड हरीण. ते अचानक आडवं आलं तर गाडी झटकन एकीकडे, मग परत काढता येते का, याची ही परीक्षा. गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबवली आणि पुढे प्रत्येक ए-क्लासला ही यंत्रणा दिली. मूसच्या जागी म्हैस घाला, आणि ही परीक्षा आपण रोज देतो.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याचा अंदाज होता की या यंत्रणेमुळे एकट्याच गाडीचे अपघात कारच्या बाबतीत ३४ टक्के आणि एसयूव्हीच्या बाबतीत ५९ टक्के कमी होतील. २०१२ च्या मॉडेलपासून तिथे ती सक्तीची झाली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ती लागतेच.

मग बंद कधी करायची? गाडी चिखलात, भुसभुशीत वाळूत किंवा खोल बर्फात रुतली असेल, किंवा मागे-पुढे झुलवत काढायची असेल तेव्हा. बर्फाच्या साखळ्या लावल्या असतील तेव्हा. गाडी रोलरवर चढवून तपासत असतील तेव्हा. पुष्कळ फोर बाय फोर गाड्या लो गिअर टाकला की हे आपणहून करतात. रेसच्या ट्रॅकवर शिकलेले लोक मुद्दाम बंद करतात, तिथे समोरून एसटी येत नाही. वाळूचं वाचून कुणी पुळणीवर गाडी घालू नये. भरती बटन विचारत नाही, आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणं गुन्हाच आहे. एक चाक हवेत आणि बाकीची घट्ट असतील तेव्हा मात्र ट्रॅक्शन कंट्रोल चालूच बरा, कारण मोकळं चाक ब्रेकने धरलं की जोर दुसऱ्याकडे जातो. अनेक गाड्यांत बटन नुसतं टिचकी मारून दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतो, दाबून धरलं तर सगळंच. आधी टिचकीच मारून बघावी.

"घाटात पिकअप मिळत नाही" म्हणून बंद करणारे मला भेटले आहेत. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात तो दिवा सारखा लुकलुकत असेल तर दोष बटनाचा नाही, गुळगुळीत झालेल्या टायरचा आहे. रील काढायला गाडी गोल फिरवणाऱ्या पोरांबद्दल लिहायची माझी इच्छा नाही.

शहाणपण सांगते आहे, पण त्या रात्री मीच चुकले. गाडी निघाल्याच्या आनंदात बटन विसरले. इंजिन बंद केलं असतं तर पुढच्या वेळी यंत्रणा आपोआप चालू झाली असती, पण मी तशीच डांबरावर आले. सहा-सात किलोमीटरवर एका वळणावर डंपरच्या चाकांनी आणलेली लाल माती रस्ताभर पसरलेली होती. वेग चाळीसच्या आसपास. मागची बाजू हातभर सरकली, परत आली. काही झालं नाही. तेव्हा कुठे समोर जळणारा पिवळा दिवा दिसला. कडेला थांबले, गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा गेला.

आता पाणंद संपते तिथल्या विजेच्या खांबापाशी मी गाडी थांबवून एकदा बंद-चालू करते. तुमच्या वाटेवरही असा एक खांब ठरवून ठेवा.